माझ्या खोलीतला गुणी मुलगा

...नाही, हसा तुम्ही! खुशाल हसा! तुमचं काय जातंय? पण तुम्हाला सांगतो, स्वतःच्या सख्ख्या आईचा फोन जेव्हा दुसऱ्याच्या खिशात वाजतो ना, आणि तो दुसरा शेजारच्या खाटेवर पाय जुळवून बसतो आणि अगदी मऊ आवाजात म्हणतो, 'हो काकू... नाही काकू... उठलाय काकू, पण अजून दात घासायचेत...' आणि आपण दात न घासता, पांघरुणात पडून ते सगळं ऐकत असतो, तेव्हा माणसाच्या मस्तकात जी तिडीक जाते ना, ती... ती अनुभवल्याशिवाय कळायची नाही! अहो, युनिव्हर्सिटीत गेलो होतो मी! मोठा व्हायला! स्वतंत्र व्हायला! आणि माझ्या दातांची बातमी माझ्याआधी माझ्या घरी!

बरं, जायच्या आधी सांगणारे काय कमी होते? मामा म्हणाला, पहिलं वर्ष फार जड जातं, जेवण बेचव असतं. आत्या म्हणाली, घरची आठवण येते, उशीत तोंड खुपसून रडू येतं. शेजारचा दादा म्हणाला, सिनियर लोकांपासून सांभाळून राहा, आणि वर्ग सापडला नाही तर शिपायाला विचार, प्राध्यापकाला विचारू नकोस, त्यालाही ठाऊक नसतं. सगळं सांगितलं! पण एकाने, एका माणसाने तरी सांगावं की नाही, की बाबा रे, खोलीत गुणी मुलगा असतो?

गुणी! म्हणे गुणी!

आता आधी आमच्या आईबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला माझं दुःख कळणार नाही. आई नर्स आहे. मोठं इस्पितळ, पुरुषांचा वॉर्ड, आख्खा जन्म तिथे गेलाय. त्यामुळे आमच्या घरात 'कसा आहेस' असं कुणी कुणाला विचारत नाही. 'ताप? झोप? पोट?' संपलं! मी उद्या प्रेमात पडलो तरी ती म्हणेल, जीभ काढ बघू बाहेर. आणि वडील? वडिलांचं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाला 'हे दिसतंय? आता? आणि आता?' एवढंच विचारायचं, त्यामुळे घरी येईपर्यंत त्यांच्याजवळचे शब्द संपलेले असतात. ते नुसतं बघतात. चष्म्यातून.

तर पहिला दिवस. होस्टेलचा जिना. आई पुढे, पिशव्या घेऊन. मागे वडील, काखेत माझा ड्रॉइंग बोर्ड. म्हणजे मी आर्किटेक्चरला गेलो होतो, हे सांगायचं राहिलंच. सगळ्यात मागे मी, हात हलवत. खोलीचं दार उघडं. आत दोन खाटा. एक खिडकीजवळ, हवेशीर, उजेडाची. दुसरी दाराजवळ, न्हाणीघराच्या पाइपाखाली, जिथे वरच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की खाली माणूस दचकून उठेल अशी. आणि त्या पाइपाखालच्या खाटेवर, अंथरलेली चादर अशी ताणलेली की वरून इस्त्री फिरवलीय की काय, एक मुलगा बसलेला. केस विंचरलेले. बुटांना पॉलिश. आम्हाला बघितलं आणि उठून उभा राहिला. नुसता उभा नाही राहिला, आईच्या हातातल्या पिशव्या घेतल्या! मी इतका वेळ मागून येत होतो, मला सुचलं नव्हतं ते!

'काकू, बसा. पाणी आणतो. खिडकीजवळची खाट मी ह्याला ठेवलीय. दारावरच्या यादीत ह्याचं आर्किटेक्चर लिहिलंय, चित्रं काढायची असतात ना, उजेड लागेल.'

मी आईचा चेहरा बघितला. तुम्हाला सांगतो, माझ्या जन्माच्या वेळी तरी तो चेहरा तसा झाला होता की नाही, मला दाट शंका आहे!

निघताना बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, 'किती गुणी आहे रे तो मुलगा!' हळू आवाजात म्हणाली असं तिला वाटलं. पण जन्मभर वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारलेल्या बाईला हळू बोलता येत नाही. आख्ख्या मजल्याने ऐकलं. त्याने ऐकलं. आणि मग ती परत आत गेली, त्याचा नंबर घेतला, त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगत राहिली, तो मान हलवत राहिला... वॉर्डात ड्यूटी संपलेली नर्स दुसरीला पेशंट सोपवते बघा, अमक्याला रात्री ताप होता, तमका औषध थुंकतो, लक्ष ठेव. तसा मी सोपवला गेलो!

मी त्याचं नाव गुण्या ठेवलं. त्याच दिवशी.

मग सुरू झालं सगळं. मी तीन अंडी खाल्ली, घरी कळलं. मी अंघोळीला दांडी मारली, घरी कळलं. मी वर्गात जरा खोकलो, अहो, नुसता घसा साफ केला, संध्याकाळी फोन: 'खोकला ओला की कोरडा?' म्हटलं, आई, कुठला खोकला? 'तो सांगत होता.' म्हटलं, तो गणिताला आहे, मी आर्किटेक्चरला, त्याला कसं कळलं? 'अरे, झोपेत खोकलास ना सकाळी!' आणि वर तेच... 'किती गुणी आहे रे, स्वतःचा अभ्यास सांभाळून तुझ्याकडे बघतो!'

मग मी कोण? नाही, तुम्हीच सांगा. घरात एकदा एकाला गुणी म्हटलं की दुसऱ्याला वेगळं काही म्हणायची गरजच उरत नाही!

आणि तो खरोखर तसा होता, हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग! माणूस ढोंगी असता तर मी त्याला उघडा पाडला असता. पण हा सकाळी उठायचा, न्हायचा, केस विंचरायचा, बूट पुसायचा, माझा ओला टॉवेल माझ्याच खाटेवरून उचलून दोरीवर टाकायचा, काही न बोलता! अहो, बोलला असता तर भांडता तरी आलं असतं! मग पिशवी खांद्याला, आणि बाहेर पडताना, 'निघतो रे. तुझं लेक्चर आहे, उठ.' रोज. रोज! तो होता तोवर मला गजर लावायची गरज पडली नाही, आणि त्याबद्दल मी त्याला कधीही माफ करणार नाही.

तिकडे आमच्या विभागात वेगळीच तऱ्हा. आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष म्हणजे काय, तर पुठ्ठा. मला वाटलं होतं मी इमारती बांधणार. मी पुठ्ठा कापत होतो. बोटं कापत होतो. आणि आमचे एक सर होते, त्यांना सगळे कात्री सर म्हणायचे, कारण मॉडेल आवडलं नाही तर ते तोंडाने काही बोलत नसत, खिशातून कात्री काढत. पहिलं काम दिलं, 'एका माणसासाठी निवारा'. मी जीव ओतला त्यात! काय ते उतरतं छप्पर, काय ती एका बाजूने उंच जाणारी भिंत, उजेडासाठी वरती फट... सर आले. खाली वाकले. सगळीकडून बघितलं. आणि म्हणाले, 'माणूस आत कुठून जाणार?'

दार. मी दार विसरलो होतो.

कर्रर्र... कात्री. सरळ माझ्या उंच भिंतीत. 'हे घ्या दार.' आख्खा वर्ग हसला. एक मुलगी तर बाकावर डोकं ठेवून हसली, जिने दिवसाआड माझ्याकडे बघून हसावं असं मला वाटत होतं, पण असं नाही!

मी ते मॉडेल पोटाशी धरून होस्टेलवर आलो आणि मनाशी ठरवलं, हे कुणालाही कळता कामा नये. गुण्याने ते कात्रीने कापलेलं दार बघितलं. पाण्याचा ग्लास पुढे केला. काही विचारलं नाही. मला वाटलं, चला, आहे थोडी माणुसकी. संध्याकाळी आईचा फोन: 'दार विसरलास म्हणे?'

बस्स! तेव्हा मात्र मी उठलो. म्हटलं, 'तू माझ्या आईला काय काय सांगतोस रे?'

म्हणाला, 'त्या विचारतात.'

'त्या विचारतात म्हणून सांगायचं?'

'मग काय करायचं?' अगदी खरंच विचारत होता हो! चेहऱ्यावर एक रेष खोटी नाही!

म्हटलं, 'खोटं बोलायचं! सगळी दुनिया बोलते! आईबापांशी खोटं बोलणं हाच तर पहिल्या वर्षाचा पहिला धडा! मी बोलतो! तू बोल!'

खाली बघत म्हणाला, 'मला नाही जमत तसं.'

लक्षात ठेवा हे वाक्य. मी ठेवलंय. 'मला नाही जमत तसं.' म्हणे!

मग मी बजावलं, यापुढे माझ्या आईचा फोन उचलायचा नाही. तो म्हणाला, 'बरं.' आणि खरंच नाही उचलला. झालं! आईचा मला फोन: 'तो फोन उचलत नाही, आजारी आहे का? ताप आहे का त्याला?' मी म्हटलं, आई, मी बरा आहे. 'तुझं नाही विचारलं.' शेवटी मीच त्याला म्हटलं, उचल बाबा फोन! वर थंडीच्या तोंडावर पार्सल आलं, दोन स्वेटर, एकाच लोकरीचे. त्याला अगदी बेतलेला बसला. मी फोन केला, म्हटलं, त्याचं माप कुठून आणलंस? 'विचारून घेतलं होतं मागेच.' आणि माझं? माझं नाही विचारावंसं वाटलं? तर म्हणते, 'तुझं काय विचारायचं? तुझं मला ठाऊक आहे.' आता यावर माणसाने रागवायचं की काय करायचं? मी रागावलो. दुसरं काही येत नव्हतं म्हणून रागावलो.

त्याला स्वतःच्या घरून फोन येत नसे असं नाही. दर रविवारी एक यायचा. वडिलांचा. ते मुख्याध्यापक. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली, घरात हे दोघंच. तो फोन वाजला की गुण्या उभा राहायचा. बसून बोलायचा नाही. पलीकडून एक शब्द: 'अभ्यास?' हा म्हणायचा, 'चालू आहे, बाबा.' पलीकडून, 'छान.' खट्. झालं, संपला रविवार! मला तर हेवा वाटायचा. म्हटलं, काय सुख आहे! ना ताप, ना झोप, ना पोट! असा बाप पाहिजे!

आणि मग तो दिवस आला. आमच्या कात्री सरांनी नवीन काम काढलं. म्हणाले, 'बाहेर जा. लोक कुठे बसतात, कसे बसतात, मोजून आणा.' आणि मला दिला बसस्टँड. भर दुपार. मी टेप घेऊन पोचलो. प्रतीक्षालयात ती लांबच लांब लाकडी बाकं. लोक डुलक्या घेतायत, पोरं रडतायत, आणि मी गुडघ्यांवर रांगत बाकाची लांबी मोजतोय. जरा पाय घ्या, आजोबा. जरा पिशवी उचला, मावशी. लोकांना वाटलं, बाक विकत घ्यायला आलाय. टेप सरकवत सरकवत पुढे जातोय, जातोय... आणि टेपच्या टोकाला बूट. पॉलिश केलेला बूट.

मी वर बघितलं. गुण्या. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, केस विंचरलेले.

म्हटलं, 'तू इथे काय करतोयस?'

'बसलोय.'

'लेक्चर नाही?'

'आहे.'

'कधी?'

'आत्ता.'

'मग?'

  एक बस लागत होती. एक म्हातारी गाठोडं ओढत चालली होती, तर हा उठला, गाठोडं उचललं, तिला बसमध्ये चढवून दिलं, परत येऊन त्याच जागेवर बसला! आणि तिथली चहावाली बाई... अहो, मला ना आत्ताही आठवलं की... ती चहावाली मला म्हणते, 'तुमच्या ओळखीचा का हो? रोज येतो. सगळ्यांना मदत करतो. फार गुणी मुलगा!'

तिथेही! बसस्टँडवरही!

रोज! ऐकलंत? रोज येतो! म्हणजे हा मला उठवून, माझा टॉवेल वाळत घालून, 'तुझं लेक्चर आहे' असं मला सांगून, स्वतः रोज बसस्टँडवर येऊन बसत होता! मी एक तास बुडवला तर घरी बोभाटा, आणि हा आख्खं सत्र बुडवत होता आणि तो गुणी! आणि वर मला म्हणाला होता, खोटं बोलणं 'मला नाही जमत तसं'! अरे, तुला नाही जमत? तुझ्याइतकं कुणालाच जमत नाही! मी त्याला तिथेच हे सगळं सुनावलं, टेप हातात धरून, ओरडून. डुलक्या घेणारे जागे झाले. पोरं रडायची थांबली.

आणि तो ऐकून घेत होता. नेहमीसारखा. शेवटी एवढंच म्हणाला, 'मला काही कळत नाही रे तिथलं.'

मग बोलला. त्याच्या मानाने खूपच बोलला. शाळेत हा पहिला. गावाला ठाऊक, मुख्याध्यापकांचा मुलगा, गणितात पहिला. इथे आला आणि सुरुवातीलाच फळ्यावर असं काहीतरी आलं की ह्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या वर्गात बसलोय. बाकीची पोरं हात वर करून विचारत होती. ह्याने नाही केला. 'मी आजवर कधी विचारलंच नव्हतं,' म्हणाला. 'शाळेत सगळे मला विचारायचे.' मग एक तास चुकला. मग वाटलं, चुकलेलं भरून काढू आणि मग जाऊ. ते भरून निघेना. मग वर्गाच्या दारापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. आणि परत फिरून खोलीवर तर येता येईना, कारण खोलीवर मी! लेक्चर नसलं की बारा वाजेपर्यंत लोळणारा! माझ्यामुळे बिचाऱ्याला लपायला स्वतःची खाट नव्हती, म्हणून बसस्टँड!

मग म्हणाला, 'काकूंना सांगू नकोस.'

काकूंना! बघा हं! बापाला सांगू नकोस असं नाही म्हणाला. काकूंना! त्यांना वाईट वाटेल, म्हणाला. त्या मला गुणी म्हणतात.

आता तुम्हाला वाटेल मी विरघळलो. अजिबात नाही! मी उकळत होतो! पण तुम्हाला सांगतो, थोडी उकळी आनंदाचीही होती. म्हटलं, आता आली वेळ. आता ह्या गुणी प्रकरणाचा एकदाचा निकाल लावतो. संध्याकाळी आईचा फोन आला. गुण्या त्याच्या खाटेवर, भिंतीकडे तोंड करून पडलेला. जेवला नव्हता. सकाळीही जेवला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं. काल? काल काय खाल्लं ह्याने? मला आठवेना. म्हणजे माझ्या अंड्यांचा हिशेब ह्याला पाठ, आणि हा जेवतो की नाही, हे मला ठाऊक नाही!

आई म्हणाली, 'ताप? झोप? पोट?' म्हटलं, ठीक. म्हणाली, 'आणि तो? तो काय, त्याचं मेलं काही विचारायलाच लागत नाही, इतका गुणी...'

आणि माझं टाळकंच फिरलं! मी ओरडलो, 'आई, तो गुणी नाहीये! गुणी गुणी म्हणून मारून टाकाल तुम्ही त्याला! तो बुडतोय, आई!'

 आईने ना ताप विचारला, ना झोप, ना पोट! नुसतं म्हणाली, 'त्याला दे.'

मी फोन त्याच्या कानाला लावला. ती काय बोलली, मला ठाऊक नाही. हा नुसता 'हं... हं...' करत होता. मग म्हणाला, 'नाही, काकू. नाही जेवलो.' आणि मग जे रडायला लागला... लहान मूल रडतं ना, श्वास अडकून, तसं. मी काय करणार? मी पुठ्ठा कापायला बसलो. कशासाठी कापत होतो, देव जाणे. बोट कापलं.

आईने त्याच्याकडूनच त्याच्या वडिलांना फोन करवला. म्हणाली, हे मी नाही सांगणार, तू सांग. 'बाबा, तुम्ही या' एवढंच म्हणाला तो. दुसऱ्या दिवशी दोघंही हजर. आई ड्यूटीवरून तशीच, पांढऱ्या साडीवर माझाच जुना कोट घालून. मुख्याध्यापक सरळ, ताठ, हातात छत्री, बाहेर ऊन. खोलीत एकच खुर्ची, तिच्यावर ते बसले. आई माझ्या खाटेवर. गुण्या उभा. मीही उभा, कारण त्या माणसासमोर बसायची हिंमतच होत नाही हो.

मुख्याध्यापक म्हणाले, 'अभ्यास?'

गुण्या म्हणाला, 'नाही, बाबा.'

'नाही म्हणजे?'

'चालू नाही. कधीचाच बंद आहे.'

मुख्याध्यापकांनी खोलीवर नजर फिरवली. ती ताणलेली चादर बघितली. माझी चादर बघितली. माझा टॉवेल, माझे बूट, माझा पसरलेला पुठ्ठा, आणि मग मी. आणि म्हणाले, 'संगत.'

संगत! माझी! माझ्या संगतीने बिघडला म्हणे! अहो, मी बिघडवायचा इतका प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं! मी तोंड उघडणार, एवढ्यात आई म्हणाली, 'संगत वाईट आहे खरी.'

आई! माझी स्वतःची आई!

'माझा मुलगा आळशी आहे, उद्धट आहे, मला मान्य आहे,' ती म्हणाली. 'पण तुमच्या मुलाचं काय झालंय, ते ह्या वाईट संगतीने सांगितलं. तुम्ही नुसतं अभ्यास विचारत होतात. आणि मी? मी इतके महिने रोज फोन केला आणि ह्याच्याकडून माझ्याच मुलाची चौकशी केली. ह्याला कसं आहेस, एकदा नाही विचारलं. गुणी म्हटलं आणि सुटले. एवढे पेशंट बघितले मी, सर, जो कण्हत नाही त्याच्याकडे आधी बघायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. घरचं आलं की विसरायला होतं.'

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत काढला. म्हणाले, 'मी शाळेत सांगितलंय हो सगळ्यांना...' आणि थांबले. मग त्यांनी गुण्याकडे बघितलं, चष्मा न घालताच, आणि विचारलं, 'बरं आहे ना रे तुला?'

'नाही, बाबा.'

 त्यांनी हात पुढे केला आणि त्या चादरीचा कोपरा सारखा करायला लागले. आधीच सारखा होता हो तो! तरी करत राहिले. मी खिडकीबाहेर बघितलं. राग आला की मी बाहेर बघतो. हो, रागच होता तो!

आई म्हणाली, आता ह्याला घरी न्या, झोपू द्या, खाऊ द्या. तर ते म्हणाले, 'घरी नेला तर मी त्याला शिकवायला बसेन. मला दुसरं काही येत नाही.' इतकं खरं बोलताना मी कुठल्या मास्तराला ऐकलं नव्हतं. आणि मग आई काय म्हणाली? सांगा! ओळखलंत? 'मग थोडे दिवस आमच्याकडे येऊ दे.' आमच्याकडे! म्हणजे माझ्या घरी! माझ्या खोलीत! मला कुणी विचारलं? नाही! तो निघाला तेव्हा मला म्हणाला, 'सकाळी उठत जा रे.' मी म्हटलं, 'जा आता!'  मग बराच वेळ येत राहिला. खोकला. कोरडा.

मी बाकाचं मोजमाप सरांकडे नेलं. सर म्हणाले, 'ही लांबी इथे अर्धवट का?' म्हटलं, सर, तिथे बूट होता. सरांनी खिशात हात घातला...

बरं, थोडे दिवस म्हणाली होती ना आई? वर्ष संपलं, स्वारी तिथेच! आधी नुसता झोपला म्हणे, सकाळ-दुपार-संध्याकाळ. मग एक दिवस आमच्या वडिलांबरोबर दुकानात गेला. आता तिथेच असतो. काचा घासतो, फ्रेमा बसवतो, म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून विचारतो, 'हे दिसतंय, आजी? आता?' पुढच्या वर्षी डोळे तपासायचा कोर्स करायचा म्हणतोय. पहिल्याच आठवड्यात त्याने एक महागडी फ्रेम मोडली, आणि आमचे वडील हसले! वडील! मोठ्याने! मी आयुष्यात ऐकलं नव्हतं ते हसू, त्यासाठी कुणीतरी फ्रेम मोडायला हवी होती हे मला काय ठाऊक! आणि मुख्याध्यापक दर रविवारी दुकानात येतात. चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून. अहो, एका माणसाच्या चष्म्याचा स्क्रू किती वेळा ढिला होतो? मुलगा पिळतो, बाप बसून बघतो, मग दोघं चहा पितात. काय बोलतात ठाऊक नाही. पण फोनपेक्षा वेळ लागतो म्हणे.

आणि मी? मी पास झालो. कसाबसा. खोलीत एकटा. पाइपाखालची खाट रिकामी, वर नळ सुटला की मीच दचकतो. परवा आईचा फोन आला. मला वाटलं, माझी आठवण झाली. तर नुसत्या तक्रारी! 'हल्ली नऊ-नऊ वाजेपर्यंत लोळतो रे तो! ओला टॉवेल खाटेवर! काल तर मला उलट बोलला, नाही जेवायचं म्हणाला, तोंड वर करून!' आणि तुम्हाला सांगतो, ती हे सांगताना हसत होती! इतकी खूश होती! म्हणाली, 'अगदी तुझ्यासारखा झालाय बघ मेला!'

झालं! माझी खोली घेतली, माझी आई घेतली, माझ्या बापाचं हसू घेतलं, चला, म्हटलं, घे बाबा. पण आख्ख्या जगात एक वाईट नाव तेवढं माझं स्वतःचं होतं हो... तेही नेलं!